मागांचे गाव आणि शेवळाची भाजी

प्रवासवर्णन लिहायचे म्हणजे लेखकाने निदान दोन रात्री तरी आगगाडीत काढलेल्या असाव्यात, असा आपल्याकडे संकेत आहे. आमच्या या लेखात तसे काहीच नाही. ज्या दिवसांची ही हकीकत आहे त्या दिवसांत आमचा सर्वांत लांबचा प्रवास घरापासून गच्चीपर्यंत, आणि फार तर गल्लीच्या तोंडाशी असलेल्या वाण्याच्या दुकानापर्यंत झाला. बरे, गावही असे की, तेथे हौसेने कोणी येत नाही. मुंबईहून नाशिकला जाणारी मंडळी भिवंडीच्या बगलेने जातात, मालमोटारींची रांग लागली म्हणजे आमच्या गावाच्या नावाने दोन शब्द बोलून घेतात, आणि पडघे मागे पडले की सुस्कारा टाकून खाण्याचे डबे उघडतात. वज्रेश्वरीला आणि गणेशपुरीला जाणारे भाविक गावातून जातात खरे, पण तेही खिडकीची काच वर करून. अशा या गावात आम्ही चाळीस वर्षे मास्तरकी केली आणि येथेच निवृत्त झालो. तेव्हा वाचकहो, आमचे थोडे ऐकून घ्या.

भिवंडी डोळ्यांनी पाहण्याचे गाव नव्हे, ते कानांनी पाहण्याचे गाव आहे. येथे लाखांनी मोजावेत इतके यंत्रमाग आहेत. पत्र्याच्या छपराखाली, घरांच्या तळमजल्यावर, गल्लीच्या दोन्ही अंगांना ते बारा तास दिवसपाळी आणि बारा तास रातपाळी असे खडखडत असतात. नवा पाहुणा पहिल्या रात्री झोपत नाही, आणि आम्ही गावाबाहेर गेलो की आम्हाला झोप येत नाही. या खडखडाटाला निरनिराळ्या मुलखांतल्या माणसांनी आपापला हात लावलेला आहे. सत्तावन्नच्या बंडानंतर उत्तरेतून मोमीन विणकर आले, तेलंगणातून पद्मशाली आले आणि त्यांचे पद्मानगर वसले. त्यांच्या आधीपासून कोकणी मुसलमान, खाडीकाठचे आगरी, आळीआळीतले ब्राह्मण, कायस्थ, कासार होतेच. सगळ्यांची जेवणे वेगळी, पण पाण्याची टंचाई आणि मागांचा आवाज एक.

हा आवाज २०२० सालच्या मार्चमध्ये बंद पडला. बावीस तारखेच्या रविवारी लोकांनी थाळ्या वाजवल्या तेव्हा तो पुन्हा सुरू होईल असे सर्वांना वाटत होते. मंगळवारी रात्री आठ वाजता देशभर टाळेबंदी जाहीर झाली, आणि त्या रात्री दोनच्या सुमारास आमची आई दचकून उठली. तेव्हा तिचे वय ब्याऐंशी होते. "अरे, काय झालं? कसला आवाज आला?" असे ती विचारू लागली. आवाज आला नव्हता, तो गेला होता, आणि त्यानेच ती जागी झाली होती.

संचारबंदी या गावाला नवी नव्हे. १९७० साली आणि पुन्हा १९८४ साली, दोन्ही वेळा मे महिन्यातच, आम्ही ती दंग्यांपायी भोगलेली आहे. पण तेव्हा माणूस माणसाला का भितो हे कळत होते. या वेळी शेजारी खोकला तरी खिडकी लावावी लागे, आणि त्यात त्या बिचाऱ्याचा काहीच अपराध नसे.

दुसरा दिवस पंचवीस मार्च, गुढीपाडव्याचा. श्रीखंडासाठी चक्का मिळाला नाही, साखरेच्या गाठी मिळाल्या नाहीत. आंब्याची डहाळी आणि कडुनिंबाचा पाला मात्र शाळेच्या आवारातून कोणीतरी आणून दिला. तेलंगणातल्या मंडळींची उगादीही त्याच दिवशी असते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक तेलुगू बाई बिशी चालवतात. बिशी म्हणजे माग चालवणाऱ्या कारागिरांची खानावळ. दोन वेळचे जेवण, आणि हिशोब पंधरवड्याचा पगार झाला की. या बाईंना सगळी गल्ली अक्का म्हणते. उगादीला त्या दरवर्षी पच्चडी करतात. तिच्यात कडुनिंबाची फुले, गूळ, चिंच, कैरी, मीठ आणि तिखट असे सहा रस एकत्र असतात, आणि येणाऱ्या वर्षाच्या सहाही चवी सुरुवातीलाच घशाखाली घालाव्यात असा त्यातला भाव आहे. त्या वर्षीही अक्कांनी पच्चडीची वाटी पाठवली. ती घ्यावी की नाही यावर आमच्या घरात दहा मिनिटे खल झाला. शेवटी आईने हात पुढे केला. "उकळलेली चिंच आहे, तिला काय होतंय!" असे म्हणून तिने चमचाभर तोंडात टाकली. या शास्त्रापुढे आमचे काही चालले नाही.

अक्कांकडे तीसचाळीस माणसे जेवायला होती. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. कारागिरांच्या खोल्या आकाराने लहान असतात, आणि दिवसपाळीवाला उठून गेला की त्याच वळकटीवर रातपाळीवाला निजतो. म्हणजे खोलीत जितकी माणसे राहतात त्यांच्यापैकी निम्मी नेहमी मागावर असतात, आणि म्हणूनच ती खोलीत मावतात. माग बंद पडले तेव्हा सगळीच माणसे एकदम घरी आली. आळीपाळीने निजायचे आणि उरलेल्यांनी भिंतीला टेकून बसायचे, असे दिवस सुरू झाले. "घरातच राहा, अंतर ठेवा" हे सांगणे सोपे होते, पण ते त्यांना कोणत्या घरात आणि कोणत्या अंतरावर करायचे होते?

पंधरवड्याचा पगार मार्चअखेर झाला नाही. कोणत्या मालकाने दिला, कोणी नाही, त्या तपशिलात शिरण्याचे कारण नाही. अक्कांनी मात्र चूल बंद केली नाही. भात, चिंचेचे पातळ चारू, आणि कैऱ्या मिळतील त्या दिवशी कैरीचे वरण. मासळी नाही, अंडे नाही. सरकारची शिवभोजन थाळी त्या सुमारास दहाची पाच रुपयांना झाली होती, तिचाही काहींना आधार झाला. अक्का मात्र रोजच्या रोज प्रत्येकाच्या नावापुढे एक रेघ ओढीत. मी एकदा विचारले, "अक्का, ही वही वसूल कशी होणार?" त्या म्हणाल्या, "पैसा येईल सर. पहिला माणूस राहिला पाहिजे."

याच दिवसांत आमची भाची तोक्योहून फोन करीत असे. तेथे निशी-कासाई म्हणून भाग आहे. संगणकाच्या नोकऱ्यांपायी गेलेली आपली पुष्कळ मंडळी तेथे राहतात. सात एप्रिलला तेथेही आणीबाणी जाहीर झाली, पण सक्ती नाही. सरकारने विनंती करायची आणि लोकांनी ती ऐकायची. दंडुका न दाखवता लोक घरी बसतात हे आम्हाला परीकथेसारखे वाटले. घरटी दोन कापडी मुखपट्ट्या सरकारने टपालाने पाठवल्या, त्या लहान पडल्या, आणि त्यांवर तेथील लोकांनी पोटभर टीका केली, हे ऐकून मात्र हा देशही आपल्यासारखाच आहे अशी खात्री पटली.

एप्रिलच्या मध्यावर भाचीच्या शेजारच्या वृद्ध बाईंनी तिच्या दाराशी एक पिशवी ठेवली, घंटा वाजवली आणि त्या निघून गेल्या. पिशवीत बांबूचा ताजा कोंब आणि बरोबर एक पुडी तांदळाचा कोंडा. वसंतात बांबूचे कोंब खायचे हा तेथला रिवाज. पण ते नुसते शिजवले तर घसा खाजतो, म्हणून कोंडा आणि एखादी लाल मिरची घालून उकळायचे, त्याच पाण्यात निवू द्यायचे आणि मग भातात किंवा रश्शात टाकायचे. आईने हे सगळे फोनवर नीट ऐकून घेतले. "म्हणजे आपली वास्तीच की! आणि खाज काढायला आपल्या शेवळाला काकडं, तशी त्यांना कोंडा," ती म्हणाली. जपान इतक्या सहजपणे आमच्या स्वयंपाकघरात आलेला आम्ही कधी पाहिला नव्हता.

भाचीने आणखी एक गोष्ट सांगितली. हंगामातला पहिला जिन्नस खाल्ला की आयुष्य पंचाहत्तर दिवसांनी वाढते असे जपानी लोक म्हणतात, आणि तो हसत हसत खावा असेही म्हणतात. आईला हा हिशोब फार आवडला. कैरीचे पंचाहत्तर, फणसाच्या कुयरीचे पंचाहत्तर, करवंदांचे पंचाहत्तर, अशी ती बोटे मोजू लागली. हापूसची पहिली पेटी त्या वर्षी बाजारातून आली नाही. बागायतदारांच्या टेम्पोतून पेट्या थेट सोसायट्यांच्या फाटकाशी येत आणि तेथून वर जात. ताडगोळे आले नाहीत, जांभळे आली नाहीत. "माझे दीडशे दिवस बुडाले," असे आई रोज ऐकवी.

रमजानचा महिना पंचवीस एप्रिलला लागला. एरवी या महिन्यात भिवंडीचा बाजार रात्रभर जागा असतो. मालपोव्यांचा आणि भाजलेल्या मांसाचा वास थेट आमच्या गच्चीपर्यंत येतो, आणि आमचे शाकाहारी शेजारीही खिडकी उघडी ठेवतात असा आमचा संशय आहे. त्या साली रस्ते सामसूम. ईद पंचवीस मेला आली. शाळेतले आमचे जुने सहकारी, जातिवंत कोकणी मुसलमान, दरवर्षी शिरखुर्मा घेऊन येतात, तासभर बसतात आणि आमच्या मराठीच्या चुका काढतात. त्या दिवशी त्यांनी डबा फाटकावर ठेवला, चार पावले मागे सरकले आणि तेथूनच ओरडले, "मास्तर, डबा धुवून घ्या! आणि माझाच डबा परत द्या, गेल्या सालचा दिला नाहीत!" सगळी गल्ली हसली. दोन महिन्यांत ती प्रथमच हसली असावी.

पण तोवर गल्ली निम्मी रिकामी झाली होती. मेच्या पहिल्या आठवड्यात भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिकांची खास गाडी सुटली, आणि मागून आणखी गाड्या गेल्या. या स्थानकावर एरवी वसई-दिवा मार्गाच्या चारदोन गाड्या थांबतात. भिवंडीकरांपैकी निम्म्यांनी ते पाहिलेलेही नसेल. ज्यांना गाडीत जागा मिळाली नाही ते नाशिकच्या रस्त्याने चालत निघाले. डोक्यावर बोचके, कडेवर मूल. पडघा, शहापूर, कसाऱ्याचा घाट. रस्त्याकाठच्या गावांतल्या लोकांनी त्यांना पाणी दिले, खिचडी दिली. अक्कांच्या बिशीतली माणसेही एकदोघांनी करून गेली, कोणी रेल्वेने, कोणी मालमोटारीत उभ्याने. जाताना प्रत्येकाने वहीतल्या आपल्या रेघा मोजून घेतल्या. अक्कांनी वही कपाटात ठेवली आणि चुलीवर पाण्याचे भांडे पालथे घातले.

तीन जूनला निसर्ग वादळ कोकणच्या किनाऱ्यावर आले. आमच्याकडे नुसते वारे आणि पाऊस झाला. आणि आई खिडकीत बसू लागली.

आता शेवळाविषयी सांगितलेच पाहिजे, कारण पुण्याकडच्या वाचकांना ही भाजी ऐकूनही ठाऊक नसेल. ठाणे जिल्ह्याच्या रानात पहिल्या पावसाच्या आगेमागे जमिनीतून जांभळट तपकिरी रंगाचे एक लांबट कोंब वर येते. ते शेवळ. दिसायला ते मुळीच देखणे नसते. वरचे पापुद्रे सोलायचे, आतला पिवळा भाग न चुकता काढून टाकायचा, उरलेले बारीक चिरायचे आणि काकडं नावाची हिरवी आंबट फळे ठेचून त्यांचा रस भाजीत घालायचा. रस कमी पडला तर घसा असा खाजतो की, माणूस यजमानाचे नाव जन्मभर विसरत नाही. कोणी यात वाल घालतात, कोणी कोलंबी. आमच्या घरी सोडे घालतात. ही भाजी शेतात लावता येत नाही आणि साठवून ठेवण्यासारखीही नाही. अंबाडी-दुगाडकडच्या आदिवासी बायका रानात हिंडून ती गोळा करतात आणि शेवळांच्या जुड्या व काकडांचे वाटे घेऊन भिवंडीच्या बाजारात येतात. आमच्याकडे एक बाई गेली पंधरावीस वर्षे दारावर येत असे. २०२० च्या जूनमध्ये ती आली नाही. एस.टी. बंद, नाक्यावर बंदोबस्त, कोणत्या वाटेने येणार? रानात शेवळे उगवली असतील, आणि तशीच सुकली असतील. टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली यांचेही तेच झाले. आषाढात आम्ही बटाटा खाल्ला, श्रावणात बटाटा खाल्ला. बटाट्याविषयी आमच्या मनात आता आदर आहे, प्रेम नाही.

जुलैत आईला ताप आला. साथ तेव्हा गावात फोफावलेली होती. सरकारी रुग्णालय केवळ या रोगासाठी राखून ठेवले होते, आणि शांतीनगरकडे एका मशिदीत प्राणवायूची सोय केल्याचे ऐकिवात होते. आईला यांपैकी कोठेच न्यावे लागले नाही. बारा दिवस ती मागल्या खोलीत राहिली आणि उठली. आम्ही देवापुढे साखर ठेवली. प्रसाद म्हणून तिच्या हातावर चिमूटभर दिली, तर ती म्हणाली, "ही वाळू का दिलीस?"

तिची चव गेली होती, आणि वासही गेला होता. डॉक्टर म्हणाले, चार आठवड्यांत येईल. चार आठवडे झाले, गणपती आले. मोदकाचे सारण तिने नेहमीप्रमाणे बोटावर घेतले, तोंडात घातले, आणि काही न बोलता पातेले सुनेकडे सरकवले. साठ वर्षे या घरातले मीठमसाले जिच्या जिभेने ठरवले, तिला आता "बघ गं, बरं झालंय का?" असे विचारावे लागे. आम्ही म्हणत असू, उत्तम झालेय. ती म्हणे, "तुम्ही सगळं उत्तमच म्हणता."

त्या वर्षी अश्विन अधिक होता. जावयासाठी अनरशांचे पीठ आंबवून ठेवले होते. एकवीस सप्टेंबरच्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत झोपलेल्या माणसांसकट कोसळली. चाळीसच्या आसपास माणसे गेली. रोगाला भिऊन घरात राहिलेली माणसे घराखालीच सापडली. अनरसे त्या आठवड्यात झाले नाहीत.

दसऱ्याच्या सुमारास एके रात्री लांब कोठेतरी माग सुरू झाला. मग दुसरा, मग आमच्या मागल्या गल्लीतला. कारागीर परतू लागले होते. अक्कांनी भांडे उलथे केले आणि वही बाहेर काढली. पहिल्या पगाराला काहींनी अर्धी बाकी दिली, संक्रांतीपर्यंत बहुतेकांनी पुरी केली. एकाने गावाहून भावाच्या हाती पैसे पाठवले आणि आपण आता शेतीच करणार असल्याचे कळवले. दोन पाने मात्र तशीच राहिली. त्या दोघांचा फोन लागत नाही. अक्कांनी ती पाने फाडलेली नाहीत.

दिवाळीत आईने चकल्या केल्या, त्या कानाने. चकली मोडायची, आवाज ऐकायचा आणि तळणीचा जाळ कमीजास्त करायचा. चकल्या फार चांगल्या झाल्या. शिवाय त्या खाताना ती एकदाही काही बोलली नाही, म्हणून आमच्या सौभाग्यवतींना रडू आले. पुढे भोगी आली. सात जानेवारीला भाचीने सात कोवळ्या पाल्यांची पेज केली होती. वर्षारंभी प्रकृतीसाठी ती करण्याची तिकडे चाल आहे. आणि तेरा जानेवारीला आमच्याकडे वांगी, गाजर, हरभरा, पावटा, तीळ घातलेली भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी. पद्मानगरातून अक्कांची सकिनालू आली. ती तांदळाची, तिळाची, हाताने वळलेली तळलेली कडी असतात. आईने सगळे खाल्ले. "भाकरी गरम आहे," एवढेच ती म्हणाली. २०२१ च्या पाडव्याला पच्चडी आली. सहा रसांपैकी तिला एकच कळला, तिखट. आम्ही हर्षभराने डॉक्टरांना फोन केला, तर त्यांनी सांगितले की तिखट ही चव नव्हे, ती आग आहे. खरे असेल, पण हे शास्त्र त्यांनी त्या दिवशी सांगायला नको होते.

मे गेला. दुसरी लाट ओसरू लागली. जूनच्या पहिल्या आठवड्यात सकाळी फाटक वाजले. डोक्यावर टोपली, तोंडाला पदर.

"आजी हाय का?" तिने पहिले वाक्य उच्चारले ते असे भीतभीत.

"आहे बाय, आहे," आई आतूनच म्हणाली. "गेल्या वर्षी कुठे होतीस?"

"नाक्यावरून मागं धाडला आजी. दोन येळा. शेवलां गुरांम्होरं टाकली, तर गुरांनी पन नाय खाल्ली."

आईने टोपलीतल्या सगळ्या जुड्या घेतल्या. घासाघीस केली नाही, हे बाईलाच चमत्कारिक वाटले आणि तिने काकडांचा एक वाटा वर घातला. दुपारी पानावर भाजी पडली. आईने घास घेतला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो, आणि तसे बघत नाही असे दाखवत होतो. तिने दुसरा घास घेतला आणि कपाळाला आठी घातली.

"घसा खाजतोय का, आई?" आम्ही घाबरून विचारले.

"खाज नाही," ती म्हणाली. "मीठ जास्त झालंय. आणि सोडे जुने वापरलेस ना गं? वास येतोय."

तीस वर्षे सासूच्या या असल्या शेऱ्यांवर आमच्या सौभाग्यवती मनातल्या मनात धुमसत आल्या आहेत. त्या दिवशी त्यांनी हातातली पळी खाली ठेवली, आईच्या शेजारी पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "आई, आणखी एक घास घ्या ना. आणखी काय चुकलंय ते सांगा."